ऑनलाइन टीटीआरपीजी: खेळाडू आणि गेम मास्टर पारखून कसे घ्यावेत?

फासेबहाद्दर (धागाकर्ता)

येथील जाणकारांकडून एका व्यावहारिक प्रश्नावर सल्ला हवा आहे. पुण्यात आमच्या मित्रमंडळात मी काही वर्षे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टीटीआरपीजी, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांच्या आधारे खेळायचा कथाखेळ, चालवत होतो; म्हणजे गेम मास्टर (कथा सांगणारा आणि नियमांचा निर्णय देणारा) मी असे. मंडळी नोकरीनिमित्त पांगली, त्यामुळे आता नवा गट पूर्णपणे ऑनलाइन जमवायचा आहे. बोलण्यासाठी डिस्कॉर्ड आणि नकाशे व फाशांसाठी रोल ट्वेंटी, असा बेत आहे. मोहीम, म्हणजे अनेक सत्रे चालणारी कथा, दीर्घ असेल, नियम पाचव्या आवृत्तीचे असतील, शनिवारी रात्री तीन तास खेळायचे आणि संवाद शक्य तितका मराठीत ठेवायचा.

माणसे मिळत नाहीत अशी अडचण नाही. जाहिरात टाकली की पहिल्याच दिवशी निरोपांची रांग लागते. मात्र त्यांतले बरेच जण एका उत्तरानंतर पुन्हा बोलत नाहीत, काही जण पहिल्या सत्राला येऊन दुसऱ्याला दिसत नाहीत आणि उरलेल्यांत एखादा असा निघतो की त्याच्यामुळे बाकीचे कंटाळून बाहेर पडतात. समोरासमोर खेळताना निदान कोणाच्या तरी ओळखीचा माणूस येतो. ऑनलाइन जगात तेवढाही आधार नसतो.

यावर उपाय म्हणून मी बारा प्रश्नांचा अर्ज तयार केला आहे. त्यात पूर्वानुभव, आवडती पात्रे, लढाई अधिक आवडते की संवाद, उपलब्ध वेळ, मायक्रोफोन अशा गोष्टी विचारल्या आहेत. तुम्ही खेळाडू कसे निवडता? आणि खेळाडू म्हणून गेम मास्टरची पारख कशी करता?

शून्य_गुण

बारा प्रश्न? गृहकर्ज याहून कमी कागदांत मिळते.

अटकेपार

मी न्यू जर्सीत असतो आणि भारतातल्या गटांबरोबर बराच खेळलो आहे. अर्जात काहीही विचारा, पण वेळेचा प्रश्न पहिला ठेवा आणि ‘शनिवारी रात्री’ असे मोघम लिहू नका. भारतातले शनिवारी रात्रीचे नऊ म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. लंडनच्या माणसाला तेव्हा दुपारचे साडेचार किंवा साडेतीन वाजलेले असतात, तर सिंगापूरच्या माणसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि तीन तासांचे सत्र संपेपर्यंत त्याचे पहाटेचे अडीच होतात.

त्यातही भारतात घड्याळे बदलत नाहीत. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे गटातल्या कोणाचा तरी तासाचा घोळ हमखास होतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक गट भांडणाने मोडले नाहीत. ते वेळेपायी मोडले. त्यामुळे ‘तुमच्या गावच्या घड्याळाप्रमाणे शनिवारी कोणत्या वेळी तुम्ही सलग तीन तास मोकळे असता?’ असा प्रश्न विचारावा. या प्रश्नाला जो नीट उत्तर देत नाही, त्याचे आवडते पात्र कोणते हे जाणून घेण्याची गरज उरत नाही.

मेघडंबरी

अटकेपार यांच्याशी सहमत आहे, पण वेळेची चाळणी लावल्यानंतरही माणसे उरतात आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

माझा अनुभव असा की अर्जावरून माणूस लिहितो कसा हे कळते; तो इतरांबरोबर खेळतो कसा हे कळत नाही. उत्तम लिहिणारे काही जण टेबलावर दुसऱ्याला बोलू देत नाहीत, आणि ‘हो’, ‘नाही’ एवढीच उत्तरे देणारा एखादा पठ्ठ्या पहिल्या सत्रात सगळ्यांना हसवून सोडतो. म्हणून मी अर्ज चार ओळींचा ठेवते, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे आवाजी गप्पा मारते आणि मग एक वन-शॉट चालवते, म्हणजे एकाच बैठकीत संपणारी छोटी कथा. पात्रे मीच तयार करून देते, म्हणजे कोणी स्वतःच्या पात्राचा दहा पानी पूर्वेतिहास घेऊन येत नाही.

त्या कथेत मी मुद्दाम तीन गोष्टी ठेवते. पहिली, एखादे असे कोडे जे एकट्याने सुटत नाही. तिथे कोण दुसऱ्याला विचारतो ते दिसते. दुसरी, एखादा प्रसंग ज्यात एकाच पात्राला महत्त्व आहे. तेव्हा बाकीचे ऐकतात की मोबाइल चाळतात, हे ‘माझी पाळी आली का?’ या प्रश्नावरून लगेच समजते. तिसरी, नियमाबाबत माझा एखादा निर्णय खेळाडूच्या विरुद्ध जाईल अशी जागा. हरकत घेणे मुळीच वाईट नाही. हरकत घेऊन झाल्यावर तो खेळ पुढे जाऊ देतो का, एवढेच मी पाहते.

आणि हे सर्व आधी सांगून टाकते. ‘ही चाचणी आहे, तुम्हीही माझी परीक्षा घेत आहात, सत्रानंतर दोन्ही बाजूंनी नकार देण्याची मुभा आहे’ असे म्हटले की वातावरण सैल होते. नकार मात्र दुसऱ्याच दिवशी आणि स्पष्ट शब्दांत कळवावा. ताटकळत ठेवणे हा उद्धटपणाच आहे.

निर्मोही

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. खेळ हा खेळ आहे. त्याची नोकरभरती करून टाकली की नवखा माणूस दारातूनच परत जातो. ‘पूर्वानुभव’ हा प्रश्न तर मुळातच काढून टाकावा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा ते हाती घेणाऱ्यांपैकी कोणाला पूर्वानुभव होता? परदेशात ‘क्रिटिकल रोल’सारखे, हा खेळ खेळताना दाखवणारे कार्यक्रम २०१५ पासून पाहून लोक या छंदाकडे वळले, आपल्याकडेही अनेकांनी पाहणे आधी केले आणि फासे नंतर हातात घेतले. अशा माणसाला तुम्ही अर्जात अडवणार असाल, तर मराठीतला गट वाढणार कसा?

शिवाय अर्जात छुपे सापळे ठेवण्याची एक पद्धत आहे. जाहिरातीच्या मध्येच कुठेतरी ‘उत्तरात तुमच्या आवडत्या फळाचे नाव लिहा’ असे वाक्य दडवायचे आणि ज्याने फळ लिहिले नाही त्याला न वाचताच बाद करायचे. मला ही पद्धत अपमानास्पद वाटते.

फासेबहाद्दर (धागाकर्ता)

निर्मोही, फळाची युक्ती माझ्याही अर्जात आहे. ज्याने जाहिरात शेवटपर्यंत वाचली नाही तो नियमांचे एक पान तरी वाचेल का, हा त्यामागचा साधा प्रश्न आहे. यात अपमान कोठे आला ते मला समजले नाही. पूर्वानुभवाबाबतचा तुमचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे.

दुर्बीण

आंबा.

तिरफळ

आतापर्यंतची चर्चा गेम मास्टरच्या खुर्चीवरून चालली आहे. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

अनोळखी लोकांच्या ऑनलाइन टेबलावर अनेकदा मी एकटीच बाई असते. एका गटात कथेच्या नावाखाली माझ्या पात्रावर जे प्रसंग आणले गेले ते मी इथे लिहिणार नाही. मी हरकत घेतली तेव्हा गेम मास्टरचे उत्तर होते की त्याचे जग ‘वास्तववादी’ आहे. ज्या जगात उडणारे ड्रॅगन चालतात, तिथे वास्तवाचा आग्रह नेमका याच एका बाबतीत का धरला जातो, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

तेव्हापासून मी गेम मास्टरला सहभागापूर्वी काही गोष्टी थेट विचारते. सेशन झीरो, म्हणजे खेळाआधी अपेक्षा ठरवण्याची बैठक, होणार आहे का? रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली ‘लाइन्स अँड व्हेल्स’ची पद्धत वापरणार का? त्यात काही विषय कथेत अजिबात येत नाहीत आणि काही विषय घडतात, पण पडद्याआड. जॉन स्टाव्रोपोलस यांचे ‘एक्स-कार्ड’ चालेल का? समोरासमोरच्या टेबलावर फुलीचे चिन्ह असलेल्या त्या कार्डाला कोणीही हात लावला की चालू प्रसंग सोडून द्यायचा आणि कारण विचारायचे नाही. ऑनलाइन खेळात चॅटमध्ये ‘एक्स’ लिहिले तरी पुरते.

गेम मास्टरला ही नावे माहीत नसली तरी माझी तक्रार नसते. ऐकून घेतो का, हे मला महत्त्वाचे वाटते. ‘आमच्याकडे असल्या नाजूक गोष्टी नसतात’ असे उत्तर आले की मी नमस्कार करून निघते. दुसरी खूण अशी की त्याच्या बोलण्यात आधीचे सगळेच खेळाडू वाईट असतात. आणि शक्य असेल तर त्याच्या आधीच्या गटातल्या एखाद्या खेळाडूशी बोलू द्यावे अशी विनंती करते. चांगल्या गेम मास्टरला याचा राग आलेला मी पाहिलेला नाही.

निर्मोही यांना एवढेच सांगेन की चाळणी ही केवळ नवख्याला अडवण्यासाठी नसते. नवखी मुलगी पहिल्याच सत्रानंतर हा छंद कायमचा सोडून जाऊ नये, यासाठीही ती असते.

मेघडंबरी

तिरफळ, अक्षरशः सहमत. यात वयाची भर घालावी. प्रौढ गटाने जाहिरातीतच ‘१८ वर्षे पूर्ण’ असे लिहावे आणि आवाजी गप्पांत शंका आली तर मोकळेपणाने विचारावे. शाळकरी मुलांसाठी वेगळे टेबल असावे आणि ते पालकांच्या माहितीने चालावे.

निर्मोही

तिरफळ यांचा मुद्दा मान्य आहे आणि त्याला माझा विरोध नव्हताच. सुरक्षिततेसाठी विचारपूस करणे वेगळे आणि ‘तुम्ही आमच्या दर्जाचे आहात का’ हे तपासणे वेगळे. धागाकर्त्यांच्या बारा प्रश्नांत पहिल्या प्रकारचा एकही प्रश्न मला दिसला नाही. हे त्यांनी पाहावे.

उत्तररात्र

निवड करण्याची गरजच कमी व्हावी, अशी एक रचना आहे. तिचा इथे उल्लेख झालेला नाही म्हणून सांगतो. बेन रॉबिन्स यांनी ‘वेस्ट मार्चेस’ नावाची मोहीम चालवली आणि २००७ साली तिच्याविषयी लिहिले. तिच्यात ठरलेली वेळ नसते आणि ठरलेला चमूही नसतो. खेळाडूंचा मोठा संच असतो. कोण, केव्हा आणि कोणत्या दिशेला जाणार हे खेळाडूच आपसांत ठरवतात आणि गेम मास्टरला कळवतात. प्रत्येक सत्राच्या शेवटी पात्रांनी गावात परतायचे, एवढे बंधन असते, म्हणजे पुढच्या वेळी वेगळी माणसे आली तरी कथा अडत नाही.

यात पारख आपोआप होते. ज्याच्याबरोबर खेळणे त्रासाचे आहे त्याला पुढच्या स्वारीचे आमंत्रण मिळत नाही. गेम मास्टरला न्यायाधीश व्हावे लागत नाही.

मेघडंबरी

उत्तररात्र, ही रचना सुंदर आहे, पण तिच्यात एक खोच आहे. लाजाळू माणसालाही आमंत्रण मिळत नाही. मी असा प्रयोग पाहिला आहे. आधीपासूनच्या ओळखीचे चार जण सतत एकत्र जात राहिले आणि उरलेले नकाशा पाहत बसले. तसे होऊ द्यायचे नसेल तर कोणीतरी लक्ष ठेवावेच लागते, आणि शेवटी ते काम गेम मास्टरवरच येते.

शिवाय धागाकर्त्यांना दीर्घ कथा सांगायची आहे. चमू दर वेळी बदलत असेल तर पात्रांची आपसांतली नाती गुंफणे कठीण जाते.

पानसुपारी

भाषेचा मुद्दा राहून जातो आहे. ‘संवाद मराठीत’ म्हणजे नेमके काय, हे जाहिरातीत स्पष्ट करावे. माझ्या पाहण्यातल्या मराठी टेबलांवर पात्रे मराठीत बोलतात आणि नियम इंग्रजी नावांनीच चालतात. ‘सेव्हिंग थ्रो’ला (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला) कोणी मराठी शब्द शोधत बसत नाही, आणि ते बरेच आहे. पण बडोदा किंवा इंदूरच्या मराठी माणसाची बोली, कोल्हापूरकराची बोली आणि परदेशात वाढलेल्या मुलांची मराठी यांत फरक असतो. एखाद्याला बोलताना अडखळल्यासारखे झाले तर त्याने इंग्रजीत बोलावे की नाही, हे आधी ठरलेले असावे, नाहीतर तो गप्प राहतो आणि गेम मास्टर त्याला निरुत्साही समजतो.

दुसरी बाब घराची. आपल्याकडे अनेकांना स्वतंत्र खोली नसते. मी रात्री साडेदहाला गॉब्लिन नावाच्या खुज्या राक्षसाच्या आवाजात सौदा करत असताना सासूबाई दार उघडून ‘बरं वाटत नाहीये का?’ असे विचारून गेल्या आहेत. त्या दिवसापासून माझे पात्र हळू आवाजात बोलते. ज्यांना मोठ्याने बोलणे शक्य नाही त्यांना अर्जातून वगळू नका. लिहून खेळण्याची मुभा द्या.

शून्य_गुण

पानसुपारी, गॉब्लिनने काय उत्तर दिले?

पानसुपारी

गॉब्लिनने किंमत कमी केली.

कावळोबा

पैसे घेणाऱ्या गेम मास्टरांविषयी कोणाचे काय मत आहे? ‘स्टार्टप्लेइंग’सारख्या ठिकाणी प्रत्येक सत्रामागे शुल्क घेऊन खेळ चालवले जातात. तेथे आधीच्या खेळाडूंचे अभिप्राय वाचता येतात, त्यामुळे पारख करणे सोपे जाते. पैसे भरल्यावर माणसे वेळेवर येतात, असे माझे निरीक्षण आहे. दर बहुधा डॉलरमध्ये असतात, ही आपल्यासाठी अडचण खरी.

अटकेपार

कावळोबा, पैसे भरल्याने हजेरी सुधारते हे बरोबर, पण त्याबरोबर ग्राहकाची वृत्तीही येते. ‘मी पैसे दिले आहेत, तेव्हा माझे पात्र मरता कामा नये’ असे म्हणणारा सहखेळाडू मी अनुभवला आहे. नवख्याने खेळ कसा असतो हे पाहण्यासाठी एखादे सशुल्क सत्र खेळावे. त्यातून चांगला गेम मास्टर टेबल कसे सांभाळतो ते कळते. धागाकर्ते स्वतःच चालवणार असल्याने त्यांना याचा फारसा उपयोग नाही.

निर्मोही

अभिप्रायांवर फार विसंबू नये. ज्याला त्रास झाला तो बहुधा काहीच न लिहिता निघून जातो, आणि मग यादीत कौतुकच उरते.

संपादक

कृपया या धाग्यावर दूरध्वनी क्रमांक किंवा डिस्कॉर्डचे दुवे देऊ नयेत. एक प्रतिसाद त्या कारणाने काढला आहे. गट जमवण्यासाठी व्यक्तिगत निरोपाची सोय वापरावी. दुसऱ्या एखाद्या गटातील व्यक्तीचे नाव घेऊन तक्रार करणारे प्रतिसादही राहणार नाहीत.

फासेबहाद्दर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. प्रतिसाद वाचून अर्ज बदलला आहे. पूर्वानुभव, आवडती पात्रे आणि लढाई-संवादाचा प्रश्न काढले. ते सर्व गप्पांत आणि चाचणी सत्रात कळेल, हे मेघडंबरी यांचे म्हणणे पटले. फळाचे वाक्यही काढले, कारण दुर्बीण यांनी त्याचे उत्तर जाहीर केले आहे.

आता जाहिरात अशी असेल. पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम. २०२४ ची सुधारित पुस्तके वापरणार नाही, कारण दोन्ही मिसळली की प्रत्येक मंत्रावर वाद होतो. पुस्तक विकत घेण्याची सक्ती नाही. मूळ नियमांचा मोठा भाग ‘एसआरडी ५.१’ या नावाने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे आणि सुरुवातीला तेवढा पुरतो. भारतीय वेळेप्रमाणे शनिवारी रात्री नऊ ते बारा. वय १८ पूर्ण. पात्रांचे बोलणे मराठीत. अडल्यास कोणतीही भाषा चालेल. आवाजाची अडचण असल्यास लिहून खेळता येईल. कथेत लैंगिक अत्याचार येणार नाही, आणि बाकीच्या मर्यादा सेशन झीरोमध्ये सर्वांनी मिळून ठरवायच्या. चॅटमधला ‘एक्स’ अर्थातच चालेल.

खेळाडू पाच घेईन आणि तिघे हजर असले तरी सत्र होईल. एकाच्या गैरहजेरीने खेळ रद्द होऊ लागला की दोन महिन्यांत गट संपतो. वर्षभराची हमी मात्र सुरुवातीलाच मागणार नाही. आधी वन-शॉट, मग चार सत्रांची छोटी कथा, आणि तिथे ज्याला थांबायचे असेल त्याने संकोच न बाळगता थांबावे. गणपतीच्या दिवसांत आणि दिवाळीत सुट्टी.

तिरफळ

हे वाचून मी स्वतः अर्ज करण्याचा विचार करते आहे. एकच सुधारणा सुचवते. सेशन झीरोमध्ये सर्वांसमोर मर्यादा सांगणे प्रत्येकाला जमत नाही. नाव न लिहिता भरता येईल असा छोटा फॉर्म आधी पाठवावा आणि बैठकीत फक्त एकत्रित यादी वाचून दाखवावी.

फासेबहाद्दर (धागाकर्ता)

उत्तम सूचना. तसेच करतो.

निर्मोही

जाहिरात आधीपेक्षा पुष्कळ बरी झाली आहे. चाचणी सत्रातून माणसे गाळण्याला माझा विरोध कायम आहे. पाचपेक्षा जास्त लोक आले तर गाळण्याऐवजी दुसरे टेबल सुरू करावे आणि उरलेल्यांपैकी एकाला गेम मास्टर होण्यास मदत करावी, असे मला वाटते. खेळाडूंच्या मानाने चालवणारे कमी आहेत, हीच आपली मूळ अडचण आहे.

मेघडंबरी

निर्मोही, कल्पना चांगली आहे. दुसरे टेबल तुम्ही चालवणार का?

निर्मोही

सेशन झीरोला हजर राहीन, मग ठरवू.

नवखा_वाटसरू

एक शंका. माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे. अर्ज करावा का?

फासेबहाद्दर (धागाकर्ता)

अवश्य करावा. छोट्या पडद्यावर नकाशा हाताळणे जिकिरीचे होते हे खरे, पण डिस्कॉर्ड मोबाइलवर व्यवस्थित चालते आणि ‘अव्राए’ नावाचा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) तिथेच फासे टाकून देतो. नकाशाचे चित्र मी चॅटमध्ये टाकत जाईन आणि तुमची सोंगटी तुमच्या सांगण्याप्रमाणे हलवीन. हेडफोन मात्र लागतील, नाहीतर सगळ्यांना आपलाच आवाज परत ऐकू येतो. वेळ आणि गाव लिहून व्यक्तिगत निरोप पाठवा.